रिकामा तराजू उचलून दाखवा



लहानपणी मी आजीबरोबर गावच्या आठवडे बाजाराला जात असे. धान्य घेताना आजीचा एक नियम होता. व्यापाऱ्याने पारड्यात मापे टाकण्यापूर्वी ती म्हणे, "आधी रिकामा तराजू उचलून दाखव." दोन्ही पारडी समान आली, तरच पुढचा व्यवहार. एखाद्या तराजूचे एक पारडे मुळातच जड असे. मग व्यापारी हलक्या बाजूच्या दोरीला एखादा खडा बांधून तोल साधून घेई. तराजूतील या तफावतीला, आणि ती भरून काढणाऱ्या वजनालाही, आपल्याकडे ‘पासंग’ म्हणतात. गंमत अशी, की पासंग असलेल्या तराजूवर आजीचा राग नसे. "आजी, या पारड्यात फरक आहे, म्हणून हा खडा बांधलाय," असे उघड सांगणाऱ्याकडून ती निर्धास्तपणे ज्वारी घेई. तिचा राग असे तो रिकामा तराजू उचलून दाखवायला टाळाटाळ करणाऱ्यावर.

आज मला ज्या तराजूविषयी लिहायचे आहे, तो धान्याचा नाही, मतांचा आहे. नवा मोबाइल कोणता चांगला, शाळेतील मुलांच्या हाती टॅबलेट द्यावेत की नाहीत, अमुक कंपनीने तमुक कंपनीची कल्पना चोरली काय, कृत्रिम बुद्धिमत्तेवर सरकारने बंधने घालावीत काय, अशा प्रश्नांवर रोज कितीतरी मजकूर आपल्यापुढे येतो. त्यात बातमी असते, आणि त्या बातमीचा अर्थ उलगडून सांगणारे भाष्यही असते. हे भाष्य लिहिणाऱ्याला आपण ‘तज्ज्ञ’ म्हणतो व त्याच्या मतावर आपले मत बेततो. पण ज्या कंपनीविषयी तो लिहितो तिच्याकडूनच त्याला मानधन मिळत असेल, आणि ही गोष्ट त्याने आपल्याला सांगितलीच नसेल, तर?

माझे मत असे आहे, की असा संबंध असणे हा गुन्हा नव्हे. परंतु तो लपविणे ही वाचकाची फसवणूक आहे, मग त्या लेखातील शब्दन्‌शब्द खरा का असेना. वाक्याचा शेवटचा भाग काहींना पटणार नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच तो जरा विस्ताराने मांडतो.

जे चावून पाहता येत नाही

तांदूळ जुना की नवा, हे आई दोन दाणे दाताखाली धरून सांगते. आंबा वास घेऊन पारखता येतो. अशा वस्तूंच्या बाबतीत विक्रेता काय सांगतो याला फारसे महत्त्व उरत नाही, कारण परीक्षा आपल्याच हाती असते. तंत्रज्ञानाचे तसे नाही. संगणकाच्या दोन आज्ञावलींपैकी एक दुसरीची नक्कल आहे काय, किंवा एखादे ॲप आपली माहिती कोठे पाठवते, हे आपल्यापैकी किती जणांना स्वतः तपासता येईल? जेथे स्वतः तपासता येत नाही, तेथे दुसऱ्याच्या शब्दावर विसंबावे लागते. यात कमीपणा काही नाही. शास्त्रज्ञसुद्धा आपल्या विषयाबाहेर असेच विसंबतात. परंतु विसंबण्याची गरज जेवढी जास्त, तेवढी सांगणाऱ्याच्या तराजूची तपासणी अधिक महत्त्वाची. याच कारणाने हा प्रश्न तंत्रज्ञानावरील लेखनात विशेष बोचतो.

न्यायाधीशांचा प्रश्न

या संदर्भात २०१२ साली अमेरिकेत घडलेला एक प्रसंग समजून घेण्यासारखा आहे. ओरॅकल आणि गूगल या दोन बलाढ्य कंपन्यांमध्ये खटला चालू होता. वाद होता ‘जावा’ या संगणकभाषेविषयीचा. ही भाषा सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने घडविली होती, आणि २०१० साली ओरॅकलने ती कंपनी विकत घेतली. गूगलने मोबाइलसाठी ‘अँड्रॉइड’ प्रणाली तयार करताना जावातील काही भाग वापरला, असा ओरॅकलचा आरोप होता.

वापरले म्हणजे नेमके काय वापरले? आपल्या प्रयोगशाळेतील कपाट डोळ्यांपुढे आणा. खणांवर चिठ्ठ्या असतात: ‘परीक्षानळ्या’, ‘चंचुपात्रे’, ‘भिंगे’. जावातही नेहमी लागणारी कामे अशीच नावे देऊन, गट पाडून मांडलेली असतात. दोन संख्यांतील मोठी शोधणे हे एक काम, वर्गमूळ काढणे हे दुसरे. गूगलने अशा ३७ गटांतील चिठ्ठ्या व त्यांची मांडणी तशीच ठेवली. खणांतील सामान मात्र जवळजवळ सगळे स्वतः तयार केले. त्या चिठ्ठ्यांच्याच सुमारे ११,५०० ओळी होत्या. आता चिठ्ठ्यांवर आणि मांडणीवर कोणाची मालकी असू शकते काय? प्रश्न अवघड होता, आणि निकालावर अब्जावधी डॉलर अवलंबून होते. साहजिकच जगभर यावर लेखांचा पाऊस पडला. सामान्य वाचक, पत्रकार, गुंतवणूकदार अशा सर्वांनाच कोणीतरी समजावून सांगणारा हवा होता.

खटला सॅन फ्रान्सिस्को येथे न्यायाधीश विल्यम ॲल्सप यांच्यापुढे चालला. हे गृहस्थ स्वतः हौसेने आज्ञावली लिहिणारे. एप्रिल-मे २०१२ मध्ये सुनावणी झाली, मेअखेर त्यांनी आपला निर्णय दिला. आणि त्यानंतर, ७ ऑगस्ट २०१२ रोजी, त्यांनी एक अनपेक्षित आदेश काढला. या खटल्याविषयी ज्यांनी लेखन केले अशा लेखकांपैकी, पत्रकारांपैकी वा भाष्यकारांपैकी कोणाला दोन्ही पक्षांनी पैसे दिले असतील, तर त्यांची नावे न्यायालयापुढे ठेवावीत, असे त्यांनी फर्मावले.

ओरॅकलने एका भाष्यकाराला सल्लागार म्हणून नेमल्याचे सांगितले. या भाष्यकाराच्या लेखांचे दाखले वृत्तपत्रे वारंवार देत असत. येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. या गृहस्थांनी स्वतःच त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये, सुनावणी सुरू झाली त्याच आठवड्यात, हा संबंध आपल्या वाचकांपुढे मांडला होता. त्यांनी खोटे लिहिले असे न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि मीही म्हणत नाही. गूगलने प्रथम कळविले, की खटल्यावर लिहिण्यासाठी आम्ही कोणालाही पैसे दिलेले नाहीत. आणि जाहिराती, देणग्या अशा आडवळणाच्या संबंधांची यादी करायची तर ती फारच लांब होईल. न्यायाधीशांना हे उत्तर पुरेसे वाटले नाही. जाहिरातींचे उत्पन्न व विद्यापीठांच्या देणग्या सोडून द्या, पण जे सल्लागार, कंत्राटदार वा नोकर म्हणून तुमचे पैसे घेतात आणि खटल्यावर लिहितात त्यांची नावे द्या, असे त्यांनी २० ऑगस्टला पुन्हा बजावले. मग गूगलनेही यादी दिली. त्यांपैकी कोणालाही खटल्यावर लिहिण्यासाठी पैसे दिले नसल्याचे मात्र पुन्हा सांगितले.

शेवट कसा झाला? सप्टेंबरच्या सुरुवातीस न्यायाधीशांनी जाहीर केले, की या बाबतीत पुढे काही करायचे नाही, आणि निकालपत्रात उघडपणे ज्यांचा उल्लेख केला आहे त्या ग्रंथ-लेखांखेरीज कोणत्याही भाष्याचा आपल्यावर परिणाम झालेला नाही. मूळ खटला पुढे अनेक वळणे घेत गेला आणि ५ एप्रिल २०२१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध २ अशा मतांनी गूगलच्या बाजूने कौल दिला.

मला या प्रसंगात महत्त्वाचा वाटतो तो निकाल नव्हे, प्रश्न. न्यायाधीशांना दोन्ही बाजूंचे वकील समोर दिसत होते. वकील कोणाचा, हे त्याच्या जागेवरूनच कळते. म्हणून त्याचे बोलणे आपण त्या हिशेबाने ऐकतो. परंतु न्यायालयाबाहेर लेख वाचणाऱ्या माणसाला कोण वकील आणि कोण तटस्थ, हे कसे कळावे? न्यायाधीश आदेश काढून विचारू शकले. तुम्ही-आम्ही आदेश काढू शकत नाही. म्हणून लेखकाने आपण होऊन सांगितले पाहिजे.

आणखी तीन उदाहरणे

हा एकटादुकटा प्रसंग नाही. अमेरिकन सरकार व मायक्रोसॉफ्ट यांच्यातील मक्तेदारीचा खटला चालू असताना, जून १९९९ मध्ये तेथील दोन मोठ्या वृत्तपत्रांत एक पूर्ण पानी खुले पत्र प्रसिद्ध झाले. त्यावर २४० अभ्यासकांच्या सह्या होत्या, आणि असे खटले ग्राहकांच्या हिताचे नाहीत असा त्याचा सूर होता. पत्र प्रसिद्ध करणाऱ्या संस्थेच्या नावातच ‘स्वतंत्र’ या अर्थाचा शब्द होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बातमी आली, की त्या जाहिरातींचा खर्च मायक्रोसॉफ्टने केला होता. संस्थेने आपली मते स्वतंत्रच असल्याचे सांगितले. तसे असेलही. पण मग खर्च कोणी केला ही ओळ त्याच पानाच्या तळाशी छापायला हरकत कोणती होती?

दुसरे उदाहरण मे २०११ मधील. एका मोठ्या प्रसिद्धिसंस्थेने अमेरिकेतील एका तरुण संगणकसुरक्षा-संशोधकाला विचारले, की गूगलच्या एका सेवेमुळे लोकांच्या खाजगी माहितीला धोका पोहोचतो असा लेख तुम्ही लिहाल काय? लेखनास व तो छापून आणण्यास मदत करू, असेही सुचविले. त्या तरुणाने उलट एकच प्रश्न विचारला: तुम्हाला यासाठी पैसे कोण देत आहे? उत्तर मिळाले नाही. तेव्हा त्याने तो सारा पत्रव्यवहारच लोकांपुढे ठेवला. काही दिवसांतच फेसबुकला मान्य करावे लागले, की त्या संस्थेला आपणच नेमले होते. बदनामीची मोहीम चालवायला सांगितले नव्हते, असा त्यांचा खुलासा होता. एका साध्या प्रश्नात केवढी ताकद असते पाहा!

तिसरे उदाहरण तुमच्या वयाच्या जवळचे आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये तैवानच्या व्यापारविषयक आयोगाने सॅमसंगच्या तेथील शाखेला एक कोटी तैवानी डॉलर दंड ठोठावला. कारण असे, की पैसे देऊन माणसांकडून सामान्य ग्राहक असल्याचे भासवीत मते लिहवून घेतली गेली. सॅमसंगच्या फोनची स्तुती, आणि तैवानच्याच एचटीसी कंपनीच्या फोनची निंदा. हे काम करणाऱ्यांत विद्यार्थीही होते. त्यांना चार पैसे मिळाले असतील. पण ती मते वाचून ज्यांनी महिन्याच्या पगारातून फोन घेतला, त्यांना आपण एका विद्यार्थ्याचा अनुभव वाचतो आहोत की जाहिरात वाचतो आहोत, हे कळायला काहीच मार्ग नव्हता.

‘खरे ते खरे’ हा आक्षेप

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. कोणी म्हणेल, "तुम्ही विज्ञानाचे शिक्षक ना? मग विधान खरे की खोटे एवढेच पाहा. बोलणारा कोण आणि त्याचे पोट कोण भरतो, याच्याशी तुम्हाला काय करायचे? पायथागोरसचा सिद्धांत एखाद्या लबाडाने सांगितला तरी तो खराच राहील!"

आक्षेप वजनदार आहे, आणि अर्धा बरोबरही आहे. केवळ पैसे घेतले म्हणून विधान खोटे ठरत नाही. पण येथे एक गोष्ट निसटते. लेख म्हणजे एकच विधान नव्हे. ती निवड असते. शंभर खऱ्या गोष्टींपैकी कोणत्या दहा सांगायच्या, कोणती पहिल्या परिच्छेदात घ्यायची आणि कोणती गाळायची, हे लेखक ठरवितो. दहाच्या दहा गोष्टी खऱ्या असूनही चित्र एकांगी होऊ शकते. प्रमेयाची सिद्धता आपण ओळीओळीने तपासू शकतो; निवड तशी तपासता येत नाही, कारण जे गाळले ते पानावर नसतेच.

हा माझा नुसता तर्क नाही. १९९८ साली अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. विषय तंत्रज्ञानाचा नव्हता, पण प्रश्न हाच होता. दुसऱ्याच्या सिगारेटचा धूर आपल्या श्वासात गेल्याने अपाय होतो काय, या विषयाचा आढावा घेणारे १०६ लेख अभ्यासकांनी गोळा केले. त्यांपैकी ३१ लेखांच्या लेखकांचा तंबाखू-उद्योगाशी संबंध होता, ७५ लेखांच्या लेखकांचा नव्हता. ‘अपाय होत नाही’ असा निष्कर्ष पहिल्या गटातील २९ लेखांनी काढला. दुसऱ्या गटातील फक्त १० लेखांनी. टक्केवारी तुम्हीच काढून पाहा: पहिल्या गटात सुमारे ९४, दुसऱ्यात सुमारे १३. लेखाचा दर्जा, विषय, प्रसिद्धीचे वर्ष अशा इतर गोष्टीही त्यांनी तपासल्या. निष्कर्ष कोणत्या बाजूला जाईल याच्याशी निगडित अशी एकच गोष्ट सापडली, ती म्हणजे उद्योगाशी असलेला संबंध.

चिकित्सक विद्यार्थी लगेच विचारील, की पैशामुळे मत बदलले, की ज्यांचे मत आधीच तसे होते त्यांनाच उद्योगाने जवळ केले? या आकडेवारीवरून ते ठरत नाही. पण वाचकाच्या दृष्टीने दोन्हींचा परिणाम एकच. त्याच्यापुढे येणाऱ्या मतांच्या तराजूत पासंग आहे, आणि त्याला तो दिसत नाही.

एका सूक्ष्मदर्शकाची गोष्ट

दुसऱ्यांविषयी एवढे लिहिल्यावर स्वतःविषयी गप्प बसणे बरे नव्हे. सुमारे पस्तीस वर्षांपूर्वी मी एका शाळेत विज्ञान शिकवीत होतो. शालेय उपकरणांचे एक विक्रेते एकदा एक सूक्ष्मदर्शक ठेवून गेले. "वापरून पाहा, सर," एवढेच म्हणाले. तो परत न्यायला ते कधी आले नाहीत, आणि मीही आठवण केली नाही. पुढे एका स्थानिक साप्ताहिकासाठी ‘शाळेसाठी सूक्ष्मदर्शक कसा निवडावा’ असा लेख मी लिहिला. त्या सूक्ष्मदर्शकाची भिंगे स्वच्छ होती, किंमत कमी होती. मी तसे लिहिले. सगळे खरे होते. पण त्याची नळी खालीवर करण्याचा स्क्रू काही महिन्यांत सैल झाला होता. नळी आपोआप खाली घसरे आणि काचपट्टी फुटे. हे मी लिहिले नाही. आमच्याच मुलांनी स्क्रू जोराने पिळला असेल, अशी मी मनाची समजूत घातली होती. दुसऱ्या एका बनावटीच्या सूक्ष्मदर्शकाचा मात्र असलाच दोष मी बिनदिक्कत लिहिला होता!

वर्षभराने शेजारच्या तालुक्यातील एक शिक्षक भेटले. त्यांच्या शाळेने वर्गणी जमवून तसले दोन सूक्ष्मदर्शक घेतले होते. "सर, तुमचा लेख वाचूनच घेतले," ते म्हणाले. "पण नळी घसरते. तुमच्याकडचीही घसरते काय?" मी ‘हो’ म्हणालो. ते पुढे काही बोलले नाहीत. ती शांतता मला अजून आठवते.

मला कोणी विकत घेतले नव्हते. स्तुती करा, असे कोणी सुचविलेही नव्हते. खाल्ल्या मिठाला जागावे, ही आपली लहानपणापासूनची शिकवण. ती चांगलीच आहे. पण हे मिंधेपण लेखणीत नकळत उतरते, हे मला तेव्हा समजले नाही. ‘हा सूक्ष्मदर्शक मला विक्रेत्याने विनामूल्य दिला आहे’ ही एक ओळ मी लिहिली असती, तरी पुरे होते. ती वाचून त्या शिक्षकांनी कदाचित खरेदीपूर्वीच मला प्रश्न विचारला असता. मुख्य म्हणजे, ती ओळ लिहिताना मीच थबकून स्वतःला विचारले असते, की अरे, त्या स्क्रूचे काय?

नियम आणि त्यांची मर्यादा

विज्ञानाच्या जगाने हा धडा हळूहळू गिरविला. न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या प्रख्यात नियतकालिकाने १९८४ पासून लेखकांना आपले हितसंबंध जाहीर करण्यास सांगितले. आज बहुतेक शोधनिबंधांच्या शेवटी अशी नोंद असते. अमेरिकेत २००९ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार, वस्तूची शिफारस करणाऱ्याने कंपनीकडून पैसे वा फुकट वस्तू मिळाली असल्यास ते सांगणे आवश्यक ठरले. आपल्याकडे जाहिरातींच्या दर्जावर लक्ष ठेवणाऱ्या परिषदेने २०२१ साली, आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये, अशाच सूचना काढल्या. भारतीय मानक ब्यूरोनेही ग्राहकांच्या अभिप्रायांसंबंधी २०२२ साली एक मानक प्रसिद्ध केले.

हे सर्व स्वागतार्ह आहे. परंतु हे नियम मुख्यतः वस्तूंच्या शिफारशीपुरते आहेत. फोन चांगला आहे, असे पैसे घेऊन सांगणारा त्यांच्या कक्षेत येतो. एखादा कायदा, एखादा खटला, एखादे सरकारी धोरण यांवर मत लिहिणारा बहुधा येत नाही. खरे पाहता वाईट फोन घेतला तर एका घराचे नुकसान होते. वाईट कायदा झाला तर सर्वांचेच. म्हणून माझे म्हणणे असे, की तंत्रज्ञानावर भाष्य करणाऱ्या प्रत्येक लेखाच्या आरंभी किंवा अखेरीस एक ओळ असावी. ज्यांच्याविषयी लिहिले आहे त्यांच्याकडून, किंवा त्यांच्या प्रतिस्पर्ध्याकडून, लेखकाला पगार, मानधन, भाग, भेटवस्तू वा प्रवासखर्च मिळाला आहे काय, हे त्या ओळीत सांगावे. काहीच मिळाले नसेल तर तेही सांगावे. लेखकाने विसरल्यास संपादकाने विचारावे.

उलट बाजूची काळजी

येथे एक धोक्याची सूचना द्यायला हवी. हा विचार मनात भिनला की काहींना दुसरी खोड लागते. ज्याचे मत पटत नाही, त्याला ‘विकला गेलेला’ म्हणायची! पुरावा नसताना असे म्हणणे हा आळस आहे, आणि अन्यायही. संबंध उघड झाल्यावरसुद्धा तो लेख फेकून द्यायचा नसतो. कंपनीत काम करणाऱ्या अभियंत्याला त्या यंत्राचे ज्ञान आपल्यापेक्षा अधिकच असते. त्याला गप्प बसविले तर तोटा आपलाच. पासंग कळला की तराजू मोडायचा नसतो, तेवढी वजावाट करायची असते. पासंग किती हे ठाऊक नसले, तर मात्र तोच तराजू निरुपयोगी होतो.

आपण काय करावे?

एक छोटासा प्रयोग सुचवितो. शिक्षकांनी तो वर्गात करून घ्यावा. महिनाभर वृत्तपत्रांतील व मासिकांतील तंत्रज्ञानविषयक मतलेख कापून ठेवा. प्रत्येकासाठी चार रकाने आखा: लेखक काय काम करतो हे सांगितले आहे काय? त्याचा हितसंबंध सांगितला आहे काय? लेख कोणाच्या फायद्याचा आहे? आणि दुसऱ्या बाजूचा निदान एक सबळ मुद्दा त्यात आला आहे काय? महिन्याअखेर बेरीज करा. किती लेखांत दुसरा रकाना कोरा राहिला, ते फळ्यावर लिहा आणि त्यावर चर्चा करा. जेथे कोरा असेल तेथे संपादकांना नम्रपणे पत्र लिहून विचारा. आरोप करू नका, फक्त विचारा.

आणि दुसरी गोष्ट स्वतःपासून सुरू करा. विज्ञान प्रदर्शनाच्या प्रकल्पवहीत साहित्य कोणी दिले, मोठ्या भावाने जोडणी किती करून दिली, बाबांच्या कार्यालयातून काय आणले, हे शेवटच्या पानावर लिहून टाका. परीक्षक गुण कापतील ही भीती वाटेल. मी अनेक वर्षे परीक्षक होतो, म्हणून सांगतो: ते पान वाचून माझ्या मनात मुलाविषयीचा विश्वास वाढतच असे. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी पत्रकार, कोणी मोठ्या कंपनीचा सल्लागार. तुमच्या मतावर हजारो माणसे विसंबतील. आज प्रकल्पवहीत लावून घेतलेली सवय तेव्हा उपयोगी पडेल.

बाजारात आता काट्यांची जागा विजेच्या वजनयंत्रांनी घेतली आहे. त्यांवरही माल ठेवण्यापूर्वी जाणते गिऱ्हाईक आधी आकड्यांकडे पाहते: रिकाम्या यंत्रावर शून्य दिसते आहे ना? लेख वाचतानाही तेवढेच करायचे आहे. मत तोलून घ्या, जरूर घ्या. पण आधी रिकामा तराजू उचलून दाखवायला सांगा.